उच्चारात दोष

"घोडा म्हणा," सर म्हणाले.

"घोरा," मी म्हणाले.

हॉलमधे पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मोठ्याने नाही. डॉक्टर लोक होते सगळे, शिकणारे आणि शिकवणारे. ते बेताने हसतात.

मी स्टेजवर खुर्चीत बसले होते. डोक्याला बांधलेला रुमाल सरांनी आल्या आल्या सोडायला लावला होता. ऑपरेशनची खूण दिसायला हवी म्हणून. केस अजून धड वाढले नव्हते. मागे पडद्यावर माझा मेंदू होता, काळा-पांढरा, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. सर त्याच्यावर लाल दिव्याचा ठिपका फिरवत होते.

संशोधनाच्या डॉक्टर मॅडम माझ्यापुढे चित्रं धरत होत्या. माकड. केळं. घड्याळ.

मी म्हणाले, माकर. केला. घर्याल.

सर हॉलशी इंग्रजीत बोलत होते. मग मराठीत म्हणाले, "पाहिलंत? ड येत नाही. ळ येत नाही." थांबले. हसले. "किहीमला आमच्या बंगल्यावर एक कोळीण येते मासे घेऊन. अगदी अशीच बोलते."

पुन्हा हसू.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. राग आला नाही, लाज वाटली नाही. माझा उजवा हात मांडीवर पडला होता, मेलेल्या मासळीसारखा. त्या दिवसांत तो हात बधिर होता, आणि बधिरपणा नुसता हातात राहिला नव्हता.

मी थळची. कोळ्यांची. अलिबागच्या बाजारात मासे विकायची. आय विकायची, तिच्या शेजारी मी बसायला लागले. बारावीपर्यंत शिकले आहे. हे सगळं मी शाळेच्या भाषेत सांगते आहे, कारण ती मला येते. घरात आमची बोली वेगळी. घोड्याला आम्ही घोराच म्हणतो. होडीला होरी. पाण्याला पानी. मुंबईच्या समोर समुद्राच्या ह्या काठावर पिढ्यान् पिढ्या माणसं अशीच बोलतात.

त्या दिवशी मी गिऱ्हाईकाला सुरमई कापून देत होते. डोक्यात काहीतरी फुटलं. दुखलं म्हणत नाही मी, फुटलं. गिऱ्हाईक बाई काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसले. मग हातातला कोयता सुटला आणि मी मासळीच्या पाटीवरच उलटी केली. पुढचं आयने सांगितलेलं. टेम्पोत घालून अलिबागच्या दवाखान्यात नेलं, तिथे डोक्याचा फोटो काढला, आणि डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मुंबईला हलवा.

मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात कळलं ते असं. माझ्या मेंदूत जन्मापासून रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता. शुद्ध रक्ताच्या नळ्या आणि अशुद्ध रक्ताच्या नळ्या मधलं काही न ठेवता थेट एकमेकींत शिरलेल्या. त्याचा जोर एका पातळ जागेला सोसला नाही. रक्त मेंदूत सांडलं. सरांनी डोकं उघडून सांडलेलं रक्त काढलं, गुंत्याचा बराच भाग काढला. थोडा राहिला. फार खोल होता. त्याला पुढे किरण द्यायचं ठरलं.

सरांनी माझा जीव वाचवला. हे मी कुठेही सांगेन.

शुद्धीवर आले तेव्हा बोलता येत नव्हतं. आवाज निघायचा, शब्द नाही. सगळ्यात आधी परत आली ती आयची बोली. शाळेची भाषा मागाहून आली, लंगडत. आणि काही शब्द आलेच नाहीत. माझ्या पोरीचं नाव आलं नाही. ती कॉटजवळ उभी होती, शाळेच्या ड्रेसमधे. मला ती माहीत होती. तिचा वास माहीत होता. नाव नव्हतं. मी 'पोरी' म्हणाले. ती जवळ आली. मग कितीतरी दिवस मी तिला पोरीच म्हणत राहिले आणि तिने मला कळू दिलं नाही की तिला कळलं आहे.

असल्या आजाराचा अभ्यास चालू होता हॉस्पिटलात. गुंता फुटल्यावर पेशंटचं पुढे काय होतं, पुन्हा रक्त सांडतं का, हातपाय किती परत येतात, बोलणं किती येतं. मॅडमनी समजावलं. म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे पुढच्या पेशंटना उपयोग होईल." मला पटलं. नवऱ्यालाही पटलं. मी डाव्या हाताने सही केली, त्याने खाली केली.

त्यांनी खरंच खूप तपासलं. हात वर करा, डोळे मिटा, टाचणी टोचते का सांगा. ती टोचायची नाही. आणि दर खेपेला तीच चित्रं. मी बोलायची, मॅडम लिहायच्या. एकदा मी विचारलं, काय लिहिता. त्या म्हणाल्या, "उच्चारात दोष."

डॉक्टर आहेत, त्यांना माहीत असेल असं वाटलं. डोक्यातून एवढं रक्त गेलं, त्याबरोबर ड आणि ळही गेले असतील. बाजारातल्या बायकांची, आयची, नवऱ्याची बोली माझ्या कानावर रोज पडत होती, तरी मला असं वाटलं. माणूस बधिर झाला की दुसऱ्याचं लिहिलेलं खरं मानतो.

पोरीचं नाव मात्र कोणी विचारलं नाही. त्याचं चित्र नव्हतं त्यांच्याकडे.

तर हॉलमधे. सर म्हणत होते की बाकी सुधारणा चांगली आहे, बोलण्यातला दोष मात्र राहिला. बोलता बोलता लाल ठिपका माझ्या मेंदूवर एका जागी थांबला. इथे इजा झाली म्हणून ड गेला, असं काहीतरी.

आय दाराजवळ बसली होती. तिला आत घेतलं होतं, पण खुर्ची दिली नव्हती. ती शिपायाच्या स्टुलावर टेकली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघालं.

"आय, इकरं ये."

ती आली. स्टेजच्या पायरीशी तिने चपला काढल्या. मी डाव्या हाताने मॅडमच्या हातातली चित्रं घेतली. मॅडमनी सोडली, त्यांना काय चाललंय ते कळलं नसावं.

"यो काय हाय?"

आयने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जसं लहान पोराकडे बघावं. "घोरा," ती म्हणाली.

"नि यो?"

"माकर."

मी हॉलकडे वळले. "हिच्या डोक्यान काय नाय झालेला," मी म्हणाले.

पुढच्या रांगेतली माणसं आयकडे बघायला लागली. मला वाटलं, कळलं त्यांना.

सर म्हणाले, "वा. म्हणजे हा दोष खानदानी आहे."

हॉल हसला. ह्या वेळी बेताने नाही.

आणि आयही हसली. तिला काही समजलं नव्हतं. एवढी मोठी माणसं हसताहेत, आपणही हसावं, म्हणून हसली. लुगड्याचा पदर नीट केला आणि माझ्याकडे बघून हसली. बरं बोलले ना मी, अशी.

माझ्या उजव्या हातात जीव आला वगैरे मी सांगणार नाही. नाही आला. पण आयचं ते हसू मला टोचलं. टाचणी जिथे पोचत नव्हती तिथे ते पोचलं.

मी उठले.

"अजून चित्रं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"ऱ्हाव द्या."

मी रुमाल डोक्यावर टाकला. एका हाताने गाठ मारता येईना. आयने मारली. मी सरांकडे पाहून म्हणाले, "माझी आय पेशंट नाय. तिला हसाचा नाय."

सर काहीतरी म्हणाले, इंग्रजीत, हॉलला. मी ऐकलं नाही. आम्ही खाली उतरलो. आयला चपला घालायला वेळ लागला.

बाहेर आल्यावर आयने विचारलं, "माझा काय चुकला?"

"तुझा काय चुकला नाय."

पण मांडव्याच्या बोटीत ती सगळा वेळ समुद्राकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होती. आपण काहीतरी चुकलोच, हे तिच्या मनातून मी काढू शकले नाही. अजूनही काढू शकलेले नाही.

आम्ही हॉस्पिटलातून निघण्याआधी मॅडम मागून आल्या होत्या. पळत. "ताई, असं मधेच उठायचं नसतं. बाहेरून पाहुणे आलेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या चाचणीत तुमची बोली नाहीच. जे पुस्तकी नाही ते चूक धरावं लागतं."

"मंग चाचणी बदला."

"ते माझ्या हातात नाही."

तिथून जाणारी एक सिस्टर थांबली. मला ओळखायची ती, वॉर्डातली. कानात म्हणाली, "सरांना दुखवू नकोस गं. तुझे किरण अजून बाकी आहेत."

तेच नवरा घरी म्हणाला. तो खलाशी आहे, मोठ्या ट्रॉलरवर जातो. कमी बोलणारा. म्हणाला, "कनाला उठलीस? जीव हाय तुझा त्यांच्या हातान."

तो खोटं बोलत नव्हता. गुंत्याचा तुकडा माझ्या डोक्यात होताच. तो केव्हाही फुटू शकत होता. खोकला आला तरी मी डोकं धरायची. पोर रात्री माझ्या कुशीत न झोपता आयजवळ झोपायला लागली होती, मला धक्का लागू नये म्हणून.

तरी पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी ठरवून गेले. एकटी. सर टेबलामागे होते, मॅडम बाजूला.

मी शाळेच्या भाषेत बोलले. सावकाश. एकेक शब्द धरून. "सर, उपचार मला हवेत. तपासणीही करा. पण माझ्या बोलीला तुम्ही आजार लिहिलंय. ते खोडा."

सर म्हणाले, "लिहिलेलं खोडता येत नाही. डेटा आहे तो."

"मग माझं नाव काढा अभ्यासातून."

"तुझं नाव त्यात नाहीच. नंबर आहे."

"मग नंबर काढा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. फिल्मकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, "तू एकटी गेलीस तर काय फरक पडणार आहे?"

मी म्हणाले, "तुमच्या बंगल्यावर मासे घेऊन येते ती बाई कशी बोलते?"

"तुझ्यासारखीच."

"तिच्या डोक्यात कधी रक्त सांडलं होतं?"

मॅडम खाली बघत होत्या. सरांनी माझा कागद बाजूला ठेवला. त्यांचा चेहरा बदलला नाही. माफी वगैरे काही नाही. घंटी दाबली आणि दाराकडे बघून म्हणाले, "नेक्स्ट."

त्यानंतर त्यांनी मला तपासलं नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. किरणांची तारीख पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. मुद्दाम की गर्दीमुळे, मला ठाऊक नाही. मी विचारत राहिले. खिडकीवर जायची आणि विचारायची. शेवटी किरण मिळाले. गुंता लहान झाला आहे, पूर्ण मिटलेला नाही. मिटेल, कदाचित नाही मिटणार. दर वर्षी फोटो काढायचा. मी पाटी उचलत नाही आता. आय आणि जाऊ बाजारात बसतात, मी घरी जाळी बघते. डाव्या हाताने.

मॅडमनी सांगितलं की माझा नंबर अभ्यासातून काढला. बाकीच्यांच्या पुढे काय लिहितात ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या बाजूचे किती पेशंट असतील. उरणचे, पेणचे, करंजाचे. आगरी, कोळी. त्यांच्या मेंदूवरही तो लाल ठिपका एका जागी थांबला असेल आणि कोणीतरी म्हटलं असेल, इथे इजा आहे.

गेल्या खेपेला फोटोसाठी बाकावर बसले होते. शेजारी पेणकडची एक म्हातारी होती, आगरीण. सुनेबरोबर आलेली. तिच्याही डोक्यात तसंच फुटलेलं. आतून मॅडमनी तिला हाक मारली. हातात चित्रं होती. तीच. मी उठून तिच्याबरोबर आत गेले.

"ताई, बाहेरच्यांना परवानगी नाही," मॅडम म्हणाल्या.

"जाते," मी म्हणाले. मग म्हातारीला सांगितलं, "आजी, घरान बोलता तसाच बोला. नि कोन हसला तं उठा."

मॅडम चित्रं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी बाहेर आले.

संशोधन नको असं मी म्हणत नाही. झालंच पाहिजे. अभ्यास झाला म्हणून माझं डोकं उघडता आलं, मी जगले. उद्या कोणा पोरीच्या डोक्यात असा गुंता असेल तर तो फुटायच्या आधी सापडावा. त्यासाठी माझं रक्त घ्या. फोटो काढा. हातात टाचण्या टोचा. मेले तर मेंदूही घ्या.

पण माझ्या माणसांची बोली आजारात मोजणार असाल, तर माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. बोलवा परत त्या हॉलमधे. येईन. समोर बसेन. तोंड मिटून बसेन. आणि ते न बोलणं माझ्या आजारामुळे नसेल.