अर्धीच चक्कर

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात एक लघुग्रह आहे, कोळशासारखा काळा. तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो हे मी एकदा मोजलं होतं, आणि चुकलो होतो. चूक नुसती गणिताची असती तर एवढी सलली नसती.

मी अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. जठारपेठेतल्या दिव्यांच्या झगमगाटात असला अंधुक ठिपका दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून दुर्बीण तिवशाला नेली, शाळेत मला विज्ञान शिकवलेल्या सरांच्या शेतावर. सर निवृत्त झाले होते, पण हौस दांडगी. ठिपका किती उजळला, किती मंदावला, याचा आलेख मी संगणकावर काढायचो. ते आलेखवहीत, पेन्सिलीनं.

उजेड वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. मी म्हटलं, झाली एक फेरी. सर गोठ्यात गेले आणि सरकीच्या ढेपेचा एक लांबट तुकडा दोऱ्याला बांधून घेऊन आले.

"हे पाय," तुकडा फिरवत ते म्हणाले, "रंग सगळीकडे सारखाच. मंग उजेड कमीजास्त होते तो आकारानं. एका चकरीत रुंद बाजू दोनदा समोर येते. तू अर्धीच चक्कर मोजून राहिला. दुप्पट लिही."

मी हसलो. गुरांच्या ढेपेवरून कुठे खगोलशास्त्र चालतं का, असंही बोलून गेलो.

"बरं, पुन्हा दिसंन तवा आणखी एकडाव मोजू. तुले एवढी घाई कायची?"

घाई बढतीची होती. त्यासाठी शोधपत्रिकेला टिपण पाठवताना त्यांचं नाव सोबत घालू का, असं विचारलं.

"चुकीच्या उत्तराखाली माह्यं नाव नको," एवढंच ते म्हणाले.

मला राग आला. त्यांचं नाव गाळलं, टिपण छापून आलं, बढतीही मिळाली. तिवशाला जाणं मात्र बंद केलं.

काही वर्षांनी दुसऱ्या कोणी तोच लघुग्रह मोजला. उत्तर माझ्या आकड्याच्या बरोब्बर दुप्पट. त्याच दिवशी मी तिवशाची गाडी धरायला हवी होती. पण आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत दोन वर्षं काढली, आणि गेलो तो सरांच्या तेरवीला.

त्यांच्या सुनेनं आलेखवही माझ्या हातात दिली.

"बाबा नेहमी विचारत, त्यानं पुन्हा मोजलं काय म्हणून. आमी म्हणो, त्याइले फोन करा न. तं म्हणत, त्याले कळलं का तो येईनच."

मला तर दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं.