माझ्या कादंबरीचे दलाल

दलाल मोतीरामभाऊ कापसाच्या गाडीचा वरचा थर कधी पाहत नसत. मलकापूरच्या बाजारात गाडी उभी राहिली, की ते बाही सरकवून कोपरापर्यंत हात आत खुपसत, गाडीच्या पोटातून मूठभर कापूस ओढून काढत आणि दोन्ही अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणून बघत. तेवढा वेळ गाडीवान श्वास रोखून उभा. "वरतं त साऱ्याइचंच चांगलं राह्यते," असं ते म्हणत. विकणारा आणि घेणारा दोघेही त्यांना शिव्या देत, आणि पुढच्या खेपेला दोघेही त्यांच्याकडेच येत.

मी त्यांचा भाडेकरू. शाळेत मास्तर होतो आणि एक कादंबरी लिहून बसलो होतो. कापूस वेचणाऱ्या गंगूची गोष्ट. तीनशे पानं, हाताने लिहिलेली, प्रत एकच. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. प्रकाशक सगळे पुण्या-मुंबईला आणि माझ्या ओळखी मलकापूरच्या वेशीवर संपत. बाड घेऊन जाणारा, माझ्या वतीने चार शब्द बोलणारा कुणीतरी हवा होता.

तो देवाने धाडला. वाचनालयात व्याख्यानाला पुण्याचे एक गृहस्थ आले. खांद्यावर शाल, आवाजात तूप. बाड दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना म्हणाले, "अप्रतिम. प्रकाशक माझ्या रोजच्या बैठकीतले. उद्या नीट बांधून गाडीवर आणून द्या."

मी तरंगत घरी आलो. मोतीरामभाऊ ओट्यावर तंबाखू मळत होते.

"मास्तर, त्यानं तुयी एखादी खोट काढली का?"

"एकही नाही."

"हं. तुया पुस्तकात बैल हाये का?"

"नाही. गंगूकडे एक शेळी आहे."

"बरं," म्हणून त्यांनी चिमूट दाढेखाली सरकवली. "उद्या मीबी येतो टेशनावर."

गाडी आमच्याकडे जेमतेम पाच मिनिटं थांबे. पुण्याचे साहेब खिडकीत बसले होते. मी बाड पुढे करणार, तोच मोतीरामभाऊ मधे आले आणि अत्यंत गरीब चेहरा करून म्हणाले, "साहेब, त्या गंगूचा बैल मरते, तवा मले लय वाईट वाटलं. तुमाले?"

साहेबांनी डोळे मिटले. "काय सांगू. काळीज पिळवटून टाकणारा प्रसंग. पान उलटवेना मला."

माझ्या तीनशे पानांत बैल सोडा, गोऱ्हासुद्धा नव्हता.

गार्डाची शिट्टी झाली. गाडीने हिसका दिला. "आणा, आणा लवकर," साहेबांचा हात खिडकीबाहेर आला. मी गाडीबरोबर चालू लागलो. दिलं, तर निदान पुण्याला पोचेल. नाही दिलं, तर ट्रंकेत वाळवी खाईल. मलकापुरात दुसरा पुणेकर कधी उतरणार? मी मागे वळून पाहिलं. मोतीरामभाऊ हात पाठीशी बांधून उभे. होकार नाही, नकार नाही. मी पळू लागलो. साहेबांची बोटं बाडाच्या दोरीला लागली. फलाटाचा उतार आला, खिडकी पुढे निघून गेली, आणि बाड माझ्याच छातीशी राहिलं.

परतताना मी त्यांच्यावर उखडलो. "आता नेणार कोण? तुम्ही?"

"मालकाजवळ मालाची तारीफ करते, तो दलाल नोहे, मास्तर. मालकाले खोट सांगावी. तारीफ गिऱ्हाइकाजवळ." मग त्यांनी हात पुढे केला. "आन इकडं. आधी वाचतो."

बाजार आटोपला की ओळीखाली बोट फिरवत त्यांनी दीड महिना ते वाचलं. निकाल असा: "मधात मेलं हाये. गंगू शयरात गेली, तिथून चाळीस पानं मुकी हायेत." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी चाळीसची दहा पानं केली. आणि भुसावळच्या पुढे कधीही न गेलेला हा माणूस माझं बाड धडप्यात बांधून पुण्याला निघाला.

चार दिवस शाळा सुटली, की मी फलाटावर जाऊन बसे. पाचव्या दिवशी ते गाडीतून उतरले. दोन्ही हात मोकळे.

"बाड?"

"ठेवलं तिथंच."

"प्रकाशक छापतो म्हणाला?"

"तसं काई बोलला नाही."

"मग ठेवून कशाला आलात?"

"अबे, ऐक त. दोन दिवस त्याच्या दुकानात बसून राह्यलो. त्यानं मधातलं पान उघडलं. मंग त्याच्या पुढचं. मले तुयी एकच खोट दिसली होती, त्याले सात दिसल्या. असा गिऱ्हाईक भेटला, तवा मी तारीफ सुरू केली."

फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी त्या सातही बोटांवर मोजत, एकही न विसरता मला ऐकवल्या. सहा मी मान्य केल्या, दुरुस्त केल्या. वर्षभराने पुस्तक निघालं. चौथी खोट मात्र मला पटली नाही, आजही पटत नाही.

मोतीरामभाऊंना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटचा भेटलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आवाज पार बसला होता. मला पाहून त्यांनी गोधडीतून हात काढला आणि चार बोटं वर केली.

मी मान हलवली. नाही.

ते खोकला येईपर्यंत हसले. मग मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "ठेव मंग तशीच. मालक त तूच हायेस."