सगळीच मेमरी राखीव

हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत तिला सगळे मावशी म्हणत. वय अवघं चौतीस, पण छत्र्या-चष्मे परत देताना ती थोरामोठ्यांनाही दम भरायची, म्हणून. वस्तूंची नोंद ठेवणारा संगणकही तिच्याच ताब्यात होता.

रोज अकराच्या सुमारास, गर्दी वाढली की तो मख्ख होऊन बसायचा. मावशीने आठवडाभर पाळत ठेवून कारण शोधलं. मेमरी भरली की जुना पसारा आवरायलासुद्धा थोडी मोकळी मेमरी लागते, आणि नेमकी तेवढीच उरत नव्हती. तिने राखीव मेमरीचा आकडा चौसष्ट एमबीवरून अडीचशेवर नेला. संगणक सुतासारखा सरळ आला.

साहेब खूश झाले. "अडीचशेत एवढा फरक? मग सगळीच राखीव ठेवा."

"सगळी ठेवली तर काम कशात करणार, साहेब?"

"ते नंतर बघू. आधी हे अडणं थांबू दे."

मावशीचा नवरा शिंपी. संध्याकाळी तिने त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने मशीन थांबवलं. "शिवणीत जादा कापडाची माया सोडावीच गं. पण अख्खं कापड मायेत घातलं तर सदरा कुठून निघायचा?"

सकाळी टेबलावर लेखी हुकूम होता. मावशीने आकडा भरला. मेमरी मोकळी करायला संगणकाने एकेक प्रोग्रॅम मारून टाकला. आधी नोंदवही गेली, मग शोध, मग पावती. उरलं फक्त घड्याळ. ते मात्र सेकंदाचीही चूक करत नव्हतं.

"बघा, दिवसभरात एकदाही अडला नाही," साहेब म्हणाले.

खिडकीशी एक निवृत्त मास्तर आले. त्यांची कवळी हरवली होती आणि ती मावशीच्या मागच्या फळीवर त्यांना दिसतही होती. पण नोंदीशिवाय वस्तू द्यायची नाही असा नियम, आणि नोंद उघडेना. चार दिवस मास्तर आले, कवळीकडे बघून गेले. पाचव्या दिवशी मावशीला राहवलं नाही. तिने कवळी धुऊन त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी ती बसवली, तडक साहेबांकडे गेले आणि स्वच्छ उच्चारांत पाऊण तास तक्रार केली.

तक्रारी नोंदवायचा प्रोग्रॅमही मेलेलाच होता. महिन्याच्या अहवालात तक्रारी शून्य दिसल्या आणि साहेबांना बढती मिळाली.

निरोपाच्या भाषणाला सगळे गेले तेव्हा मावशी मागे राहिली. तिने आकडा पुन्हा अडीचशेवर आणला आणि साठलेल्या छत्र्या एकेक करून नोंदवहीत चढवायला घेतल्या.

नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही अडीचशे एमबी रिकामी का पडून आहे?"

मावशीने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा," ती म्हणाली. "जरा वेळ लागेल."