दातानं ओढलेली नाडी

माणिकमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत त्यांनीच पकडलेल्या उंदरांचे नमुने तपासत होतो. त्यांची बायको कौसाबाई एवढंच म्हणाली, "ताप डोस्क्यात गेला, डाक्टर."

रानातल्या उंदरांत, चिचुंद्र्यांत कोणते विषाणू असतात, त्यांची जनुकं एकमेकांशी कशी जुळतात, हे शोधायचं माझं काम. सिरसाळ्याच्या शिवारात पिंजरे लावायला मामा असत. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. पहाटे बांधावरून चालताना पिंजऱ्याच्या दहा पावलं अलीकडेच थांबायचे. "ह्यात हाय. आन् आपल्याकडंच बगायलंय." एकदाही चुकले नाहीत. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा... "काय बे, सायबाला भेटायचं न्हाई का?" असं उंदराला दटावत ते त्याला कापडी पिशवीत घेत.

पिशवीची नाडी ते दातानं ओढत, मास्क हनुवटीखाली करून. त्या कापडाला उंदराची लाळ, मूत लागलेलं असतं, त्यातूनच रोग माणसात येतो; मला ते ठाऊक होतं. पहिल्या दिवशी म्हणालो, "मामा, दात नको." ते हसले. "हातमोज्यात गाठ बसत न्हाई, डाक्टर. निसटला तर तुमच्या पोथीतलं एक पान गेलं." नंतर मी बोललो नाही. त्यांच्या पद्धतीनं ऊन चढायच्या आत काम उरकायचं... मला तेच हवं होतं.

दवाखान्यानं त्यांचं रक्त आमच्याकडेच पाठवलं होतं. त्यातला विषाणू आणि उसाच्या बांधावरच्या एका उंदरातला विषाणू, दोन्ही अक्षरन् अक्षर एक निघाले. संगणकानं विषाणूंची वंशावळ काढली. एकाच फांदीवर, सख्ख्या भावांसारखे, दोन क्रमांक: एक उंदराचा, एक मामांचा.

तेराव्याला कौसाबाईनं विचारलं, "उंदरानं न्हेलं का वो त्यान्ला?" मी म्हणालो, "वय झालं होतं." गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि खरं ते सांगितलं. नाडीचंही. ती ज्वारी निवडत होती; हात थांबला नाही. "पोत्याचं तोंड बी दातानंच ओढायचे. मी रोज वरडायचे... तुमी कावून गप बसलाव?"



त्यांच्या पिशव्या वाफेतून निर्जंतुक होऊन आल्या आहेत. नाड्यांची टोकं चपटी, कुरतडल्यासारखी. पण ते दात उंदराचे नव्हेत. परवा सिरसाळ्याच्या बांधावर त्यातल्याच एका पिशवीला गाठ मारताना माझा हातमोजा घसरला, आणि मान आपोआप खाली वाकली... नाडी मास्कला लागली तेव्हा भानावर आलो. पिशवीतली धडपड थांबली होती. आत जे होतं, ते माझ्याकडंच बघत होतं.