सोनोग्राफीच्या बाकावरचा हेवा

सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर आम्ही दोघे पुरुष पाणी पीत बसलो होतो, कारण प्रोस्टेटच्या तपासणीआधी मूत्राशय भरावं लागतं. शेजारचे गृहस्थ केनियाहून इथे शिकणाऱ्या आपल्या मुलीकडे आलेले. ती त्यांना एकेक ग्लास हातात देत होती.

"माझे वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले, काकाही," त्यांनी पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसं मला सांगितलं.

मुलगी म्हणाली, "आमच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा जास्त होतो, लवकर होतो, आणि त्याने माणसंही जास्त जातात. म्हणून आमच्याकडे जेवतानासुद्धा हाच विषय असतो."

मला त्यांचा भयंकर हेवा वाटला. धोका त्यांचा मोठा, हे कबूल. माझे डॉक्टर म्हणालेच होते, "आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण आपले पुरुष उशिरा येतात." येणारच. माझे आजोबा कशाने गेले हे आमच्या घरात आजही कुणी सांगत नाही. लघवीचा त्रास होता, एवढं म्हणून सगळे खिडकीबाहेर बघतात. आणि मी, लग्नाच्या पंगती हसवणारा माणूस, घरी केस कापायला जातो असं सांगून आलो होतो.

"तुमच्याबरोबर कोण आलंय, अंकल?" मुलीने विचारलं.

मी अक्षरशः जळलो. उठून बायकोला फोन लावला आणि कुठे बसलोय ते सांगून टाकलं.



"पत्ता सांगा," ती म्हणाली. "सहा महिने वाट बघतेय मी, तुम्ही कधी बोलताय याची."