प्लास्टिकची होरी

आमची लाकडी होडी गेली ती उचलायला माणसं उरली नाहीत म्हणून. दरवर्षी पावसाळ्याआधी तिला नदीतून ओढून काढायची, पालथी घालायची, फटींत कापूस ठासायचा आणि वरून डांबर लावायचं. एवढ्याला सहा माणसं लागत. बाबांचे चुलतभाऊ, त्यांचे मुलगे, शेजारचे दोघे, असे सहा जण पूर्वी एका हाकेत जमायचे. मग नदीकाठच्या जमिनींवर इमारती आल्या. कोणी चिखलोलीला राहायला गेलं, कोणाची कंबर गेली, कोणाला सुट्टी मिळेना. एका वर्षी बाबांनी चार दिवस सगळ्यांना फोन केले. दोघे आले, बाबा तिसरे, मी चौथी. होडी जागची हलली नाही. तो पावसाळा तिने पाण्यातच काढला, आणि दिवाळीत बाबांनी तळाची फळी दाबून पाहिली तर बोट आत गेलं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये राबले, तिथूनच रिटायर झाले, पण काय करता म्हणून कोणी विचारलं तर कारखान्याचं नाव कधी घ्यायचे नाहीत. "मासे मारतो," म्हणायचे. आम्ही बदलापूरचे आगरी. घरापासून उल्हास नदी पाच मिनिटांवर. जमीन बिल्डरला गेली तेव्हा तिच्या बदल्यात आम्हाला तिथल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, लग्न केलं नाही. मी लहान असल्यापासून होडी पाहिली ती काठावरून. मुलगी आहेस म्हणून नेत नाही, असं बाबा कधी म्हणाले नाहीत. "कंटालशील बाय," एवढंच म्हणायचे.

होडी गेल्यावर बाबा सकाळी काठावर जाऊन नुसते बसून परत यायला लागले. जेवण कमी झालं. मी दोन महिने पाहिलं आणि प्लास्टिकची होडी मागवली. फिकट निळी, दोघं आरामात बसतील एवढी. टेम्पोतून ती मी आणि ड्रायव्हरने मिळून उतरवली, तेव्हा खाली येऊन बाबांनी आधी तिच्यावर बोटांनी टकटक केलं. मग वाकून आत पाहिलं, जणू आत अजून काही सामान असेल.

"ही होरी नाय," ते म्हणाले. आमच्या बोलीत होडीची होरी होते. "ही बालदी हाय."

"बालदी तर बालदी. तुला माझ्याशिवाय उचलता येणार नाही आणि मला तुझ्याशिवाय. चल."

पुढचं टोक मी धरलं, मागचं बाबांनी. वाटेत दोनदा खाली ठेवून आम्ही ती नदीपर्यंत नेली. बाबा काठावर धापा टाकत उभे राहिले आणि त्या निळ्या वस्तूकडे बघत राहिले. सहा माणसांचं काम आम्ही दोघांनी केलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं मला दिसलं. "बस आता आत," ते म्हणाले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बाबांच्या होडीत बसले.

तिचे दोष बाबांनी पहिल्या आठवड्यातच शोधून काढले. लाकडी होडी पाण्यात बसते, ही पाण्यावर बसते. जरा वारा सुटला की जाळं एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. त्यावर बाबांनी मधोमध वाळूची दोन पोती टाकली, मग ती जरा ऐकायला लागली. ओल्या पायांनी उभं राहिलं की तळ घसरायचा. आणि आवाज. वल्हं नुसतं कडेला लागलं तरी ढोल वाजल्यासारखं व्हायचं. "बोलाव सगल्यांना, सांग आमी आलाव," बाबा मासळीच्या वतीने चिडायचे. मी तळाला गोणपाट अंथरलं. गोणपाटाने आवाज दबला, घसरणंही थांबलं. उन्हाने प्लास्टिक कडक होऊन तडकतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून चौकातून उतरवलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक मोठा फ्लेक्स आणून आम्ही तिच्यावर पांघरला. उन्हाळाभर आमच्या होडीवर हात जोडलेले एक हसरे गृहस्थ आडवे पडून होते.

डांबर मात्र लागलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात बाबांना काही कामच नव्हतं. ते तळावर हात फिरवायचे, कुठे काही करण्यासारखं सापडतं का बघायचे आणि परत यायचे. हाही दोषच, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटायचं.

मला त्यांनी शिकवलं ते न शिकवल्यासारखं. आधी वल्हं दिलं. मग पाग, म्हणजे फेकायचं जाळं, नुसतं धुवायला दिलं. मग एके दिवशी ते फेकायला लावलं. माझं जाळं गोल उघडायच्या ऐवजी गुंडाळी होऊन पडायचं. बाबा हसायचे नाहीत. "परत," म्हणायचे. रविवारी आणि कॉलेजला सुट्टी असेल त्या दिवशी आम्ही जायचो. मिळायची ती बहुतेक चिलापी, कधी एखादी मरळ. घरी येऊन मी साफ करायचे, कालवण बाबा करायचे.

पावसाळ्यात होडी काठावर ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये आमच्या जागेत पालथी ठेवली. आमच्याकडे गाडी नाही. तरी सोसायटीचं पत्र आलं की पार्किंग वाहनांसाठी आहे. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "वाहनच हाय. चालतंय ते पान्यावर, एवराच फरक."

पुढच्या जुलैत तीन दिवस पाऊस थांबलाच नाही आणि चौथ्या दिवशी सकाळी नदी रस्त्यावर आली. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. मागच्या गल्लीतल्या बैठ्या घरांमध्ये कमरेच्या वर गेलं होतं. तिथली बहुतेक माणसं पहाटेच बाहेर पडली होती. एक म्हातारी मात्र राहिली होती. बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरून ती कधीकाळी इकडे आली होती, एकटीच राहायची. गच्चीवरून लोकांना ती दिसत होती, घरातल्या माळ्यावर बसलेली, खिडकीतून हात हलवणारी.

बाबा पार्किंगमध्ये उतरले, मी त्यांच्या मागे. त्यांनी फ्लेक्स बाजूला केला आणि होडीचं मागचं टोक धरलं. मी पुढचं धरलं.

गल्लीत पाण्याला ओढ होती, पण भिंतींच्या आडोशाने जाता येत होतं. बाबा वल्हवत होते, मी हातांनी भिंत धरून पुढे सरकवत होते. हलकी होडी होती म्हणून जमलं. लाकडी होडी त्या गल्लीत वळलीच नसती. खिडकीशी पोहोचलो तर म्हातारीने आधी आतून एक शेळी पुढे केली.

"आधी हिला घ्या," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही या आधी," मी म्हणाले.

"मी येईन मागनं. ती नाय तर मी नाय."

बाबांनी हात पुढे केले. शेळी मांडीवर घेतली. तिचे खूर गोणपाट सोडून प्लास्टिकवर पडले की ती चारी पाय पसरून घसरायची, आणि तिच्याबरोबर होडी डुलायची. शेवटी बाबांनी तिला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी आवळून धरलं. वल्हं माझ्याकडे आलं. म्हातारी माझ्या पायाशी बसली, एक हात शेळीच्या पाठीवर.

येताना मी चुकले. वळणावरच्या बंगल्याचं फाटक पाण्याखाली होतं आणि त्याचे वरचे टोकदार गज मला दिसले नाहीत. होडी त्यांच्यावर चढली, वाकली, खरवडत पुढे सरकली. तळातून पाणी आत यायला लागलं. मी बाबांकडे पाहिलं.

"थांबू नको," ते शांतपणे म्हणाले. "बुडत नाय ती. मार वल्हं."

होडी अर्धी भरली, पण बुडाली नाही. आम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी लागलो. सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी ते पत्र लिहिलं होतं, त्यांनी पाण्यात उतरून दोरी धरली. म्हातारी दोन दिवस आमच्या घरी राहिली. शेळी बाल्कनीत राहिली आणि माझी तुळस तिने मुळापासून खाल्ली.

पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर तळाला वीतभर चीर होती. बाबांनी दोन प्रकारचे गोंद लावून पाहिले. सुकल्यावर दोन्ही पापडासारखे सोलून निघाले. मग मी कॉलेजजवळच्या एका गल्लीत एक दुकान पाहिलं होतं ते आठवलं. तिथे एक वयस्कर सिंधी गृहस्थ फुटलेल्या टाक्या आणि पिंपं जोडतात. आम्ही टेम्पो केला. बाबा पुढे ड्रायव्हरजवळ बसेनात. होडी हलली तर चीर वाढेल म्हणून ते मागे, होडीतच बसले. बदलापूरहून उल्हासनगरपर्यंत ते दोन्ही कडा धरून, ताठ बसून आले. अंबरनाथच्या सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, समुंदर किधर?" बाबांनी मान वळवली नाही.

दुकानदाराने चिरेजवळचा एक पातळ काप काढला, तो पाण्यावर तरंगतो का पाहिलं, मग जाळून वास घेतला. मेणबत्तीसारखा वास आला.

"साईं, इसको गोंद नहीं पकड़ेगा," ते बाबांना म्हणाले. "ये टाकीवाला ही माल है. गरम करके जोड़ना पड़ेगा."

चीर पुढे पळू नये म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मग एका काळ्या टाकीची पट्टी कापून गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने ती चिरेत वितळवत नेली. बाबा शेजारी उकिडवे बसून अर्धा तास बघत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "हे यंत्र घरी ठेवता येल का?" दुकानदार हसले. बाबांनी त्यांना आपल्या हिंदीत फाटकाची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "लकडी का होता ना, तो फल्ली टूट जाता. हमारी होरी झुक गयी, पर छोडा नहीं."

होरी हा शब्द त्यांनी तिच्यासाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.  तसं बोलून दाखवलं असतं तर त्यांनी तो परत घेतला असता.

या हिवाळ्यात बाबांचे गुडघे फारच धरले. होडी उचलायला आता सेक्रेटरी येतात, कधी त्यांची बायकोही येते. पंधरा दिवसांपूर्वी एका रविवारी बाबा काठावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "जा तू." मी एकटी गेले. ते काठावरून सूचना देत होते, वारा कुठून आहे, डावीकडे खडक आहे, उभी राहू नको. मग त्यांचा आवाज ऐकू येईना, फक्त हात हलताना दिसत होता. मी तीनदा पाग टाकली. तिसऱ्यांदा ती बऱ्यापैकी गोल उघडली. आत चार चिलाप्या आल्या, हातभर नव्हे, तळहाताएवढ्या.

परत आले तर बाबांनी मासळीकडे पाहिलंच नाही.

"कंटालली नाय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग उद्या परत जा. उद्या सुट्टी काढ."