गुळाच्या मडक्यावरची फळी

आमच्या विहिरीजवळ मोटारीची जुनी पत्र्याची पेटी होती. आतला स्टार्टर जळाल्यावर ती रिकामी पडली आणि तिच्यात सातेरी मधमाश्यांनी पोळी बांधली. यंदा त्याच पेटीत नवा स्टार्टर बसवायचा होता. वायरमन म्हणाला, "धूर करतो न् मोकळी करतो. पाच मिन्टाचं काम हाय."

वडिलांनी त्याला आठ दिवस थांबवलं. करडई फुलात होती, आणि दोन वर्षं रोज जाता-येता बघून त्यांचा त्या माश्यांवर जीव जडला होता. घरातली पहिली पदवी माझी. ते मला म्हणाले, "बाई, तू शिकलीस. ह्यांचं घर आता तूच बघ."

कॉलेजात मी मधमाशीपालनाचं छोटं प्रशिक्षण घेतलं होतं. माश्यांसाठी करायच्या लाकडी पेटीचं माप वहीत होतं. वाळलेलं लाकूड मिळेना, म्हणून प्लायवूड घ्यायला आम्ही कंधारला गेलो. आमच्या भागात फळी घेणारा माणूस पहिल्यांदा वाळवीचंच विचारतो. मीही तेच विचारलं. दुकानदारानं एका तावावर थाप मारली. "हे न्या, ताई. औषध मारलेला माल. वाळवी जवळ येणार न्हाई." वडील खूश झाले. मीसुद्धा.

सुताराकडून पेटी करून घेतली. उरलेला तुकडा आईनं गुळाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवला. आई मडकं नेहमी पाण्याच्या परातीत ठेवायची, तरी मुंग्यांशी तिचं रोजचं भांडण. चौथ्या दिवशी ती कौतुकानं म्हणाली, "लई गुणाची फळी आणलीस गं. परात काढली, तरी यक मुंगी फिरकली न्हाई."

मी भाकरीचा घास हातातच धरून बसले. जिथं मुंगी फिरकत नाही, तिथं मी माश्या ठेवणार होते. प्रशिक्षणाची वही माझ्याकडं, आणि चूक दाखवली गुळाच्या मडक्यानं. तो गूळ टाकून दिला. आठातले सहा दिवस संपले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात गेलो. "औषध न मारलेला दाखवा," मी म्हणाले.

"त्या दिवशी वाळवी नको, आज औषध नको," दुकानदार हसला. "माशा राहायला येनार हैत का पावने?"

"माशाच येनार हैत," वडील म्हणाले.

त्याचं हसू थांबलं. मग त्यानं स्वतःच ताव काढून दिले. मी प्रत्येकाच्या कडेला नाक लावलं, थरांमध्ये फट आहे का ते बघितलं. आमच्या उन्हाळ्याचा विचार करून एकोणीस एमएम जाडीचा आणि पाण्यानं न सुटणारा, बाहेर वापरायचा ताव निवडला. संध्याकाळपर्यंत नवी पेटी तयार झाली. बाहेरून जवसाचं तेल लावलं, आतून कोरी ठेवली. वाळवीची काळजी मात्र वडिलांच्या डोक्यातून जाईना.

"गुळाला ठिवत व्हते तसं ठिवा की," आई म्हणाली. "पाय पाण्यात."

पेटीचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले. आठव्या दिवशी दिवस कलताना मी पत्र्याच्या पेटीतली पोळी कापून नव्या पेटीच्या चौकटींना दोऱ्यानं बांधली. राणी माशी आत गेली तशी बाकीच्याही गेल्या. "राहतेत का?" वडिलांनी विचारलं. नवं घर पसंत पडलं नाही, तर सगळ्या एकदम उडून जातात.

दोन दिवस आम्ही जवळ गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वडील पेटीसमोर उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी बोलू नको म्हणून हात केला. माश्या आत शिरत होत्या आणि त्यांच्या पायांना करडईचे पिवळे परागगोळे होते. पिल्लं वाढवायची असतील तरच त्या एवढे पराग आणतात.

"राहिल्या," मी म्हणाले.

औषधाची पेटीही वाया गेली नाही. पत्र्याची पेटी तळाशी गंजलेली निघाली, म्हणून वायरमननं स्टार्टर त्या प्लायवूडच्या पेटीत बसवला. मुंग्या शिरून स्टार्टर बिघडायचा, ती कटकटही थांबली. आता मोटार चालू करायला गेले की वडील आधी शेजारच्या पेटीकडं बघतात, वाट्यांत पाणी घालतात, आणि मग बटण दाबतात.